चार बोटं पाणी

उत्तनच्या एका बंगल्यामागचा पोहण्याचा हौद गळतो की नाही, हे शोधून काढायला मला तीन दिवस दिले होते. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळालं. त्या उत्तराचं मी पुढे काय केलं, हे इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. घरीही नाही.

एक्क्याण्णव-ब्याण्णव साल असेल. आम्ही परळची खोली सोडून भाईंदरला, जेसल पार्कात राहायला आलो होतो. मुलगी चार महिन्यांची होती. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून एका कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर होतो. सुपरवायझर म्हणजे उन्हात उभं राहून दुसऱ्यांच्या कामाला बोट दाखवायचं. चुकलं की तेच बोट आपल्याकडे वळतं, हे पहिल्या महिन्यातच समजतं. आमचे मालक कच्छी, स्वभावाने तसे वाईट नव्हते, पण माणूस काढून टाकायला त्यांना जेवणाच्या सुट्टीपर्यंतही थांबवत नसे. माझ्याआधीचे दोघं असेच गेले होते.

मालकांनी तोवर चार-चार मजली इमारती बांधल्या होत्या, त्यांच्या गच्चीवरच्या आणि जमिनीखालच्या टाक्या बांधल्या होत्या. पोहण्याचा हौद हा एकच, आणि तो माझ्या देखरेखीखाली झालेला. मुंबईत भांड्यांचा मोठा धंदा असलेल्या एका शेठने उत्तनच्या टेकडीच्या उताराला जागा घेऊन बंगला बांधला होता. शनिवार-रविवारी मुलं-नातवंडं येणार, त्यांच्यासाठी मागच्या अंगणात पंचवीस फूट लांब, गळ्याइतका खोल, आकाशी टाइल्सचा हौद. आजूबाजूच्या वस्तीत मासे वाळत घातलेले, आणि मध्येच हे निळं पाणी. गावातली माणसं कुंपणाबाहेर थांबून बघत. पोहण्यासाठी एवढं पाणी साठवतात, हे त्यांना पटायला वेळ लागला असावा. मलाही लागला होता.

हौद भरल्याला वर्ष होत आलं होतं. त्या एप्रिलमध्ये शेठची तक्रार आली, की रोज पाणी उतरतंय. राखणदार रोज सकाळी विहिरीवरची मोटर लावून हौद भरतो, तरी दुसऱ्या सकाळी चार बोटं खाली. त्यातच एका शनिवारी शेठ नेहमीपेक्षा लवकर पोहोचले, तर मागच्या फाटकातून तीन-चार कोळणी भरलेले हंडे घेऊन बाहेर पडत होत्या. शेठनी हिशेब मनातल्या मनात पूर्ण केला. मालकांना त्यांनी सांगितलं, की एक तर तुमचा हौद गळतोय, नाहीतर माझा माणूस पाणी विकतोय. हौद गळत असेल तर तुम्ही तो सगळा उखडून पुन्हा करून द्या. नसेल तर मी माणूस काढतो.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं नाही. म्हणाले, "लीक नहीं है, ऐसा लिखके ला. और अगर है, तो किसके हाथ के नीचे हुआ, वो मैं देखूँगा."

 मला तर खरंच वाटत होतं, की हौद गळत नाही. मी स्वतः उभा राहून काँक्रीट ओतून घेतलं होतं. पाणी भरून आठ दिवस ठेवून बघितलं होतं, टिपूस हललं नव्हतं. शेठचा माणूसच काहीतरी करत असणार, असं मानूनच मी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली.

राखणदार वाटेवरच्या राई गावचे आगरी होते. साठीच्या आतबाहेर, काटक, पायाच्या टाचांना भेगा. जन्म मिठागरात गेलेला. त्यांचं मिठागर जमिनीच्या मालकांच्या भांडणात बंद पडलं, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने इथे आले. बंगल्याच्या मागे एक खोली, त्यात ते आणि त्यांची बायको. राईतलं घर भावाने केव्हाच आपल्याकडे घेतलं होतं. इथून काढलं तर भावाच्या पडवीत जाऊन पडावं लागेल, हे त्यांच्या बायकोने मला पहिला चहा देतानाच सांगितलं. मी कशासाठी आलोय, ते दोघांना माहीत होतं. मी त्यांना काका म्हणू लागलो. ते मला "सायेब" म्हणत आणि त्याच वाक्यात "तू" म्हणत. त्यांच्या बोलीत ते दोन्ही सुखाने नांदत होतं.

हंड्यांचं मी लगेच विचारलं. त्यांनी काहीच लपवलं नाही. एप्रिलमध्ये वस्तीतल्या विहिरी खारट होतात, शेठची विहीर वरच्या अंगाला, तिचं पाणी गोडं. बायका दोन-दोन हंडे नेतात, तेही विहिरीवरून. हौदाचं पाणी कोण नेणार, त्यात शेठ पावडर टाकायला लावतात, त्याने धुतलेलं लुगडंसुद्धा वास मारतं. बोलणं सरळ होतं. मी मात्र मनात म्हटलं, की सगळे असंच सांगतात.

माझी परीक्षा अशी होती. एक बादली घ्यायची, ती हौदाच्याच पाण्याने भरायची, तळाशी दगड टाकायचा आणि हौदाच्या पहिल्या पायरीवर पाण्यात अर्धी बुडवून ठेवायची. बादलीत आत पाण्याच्या रेघेवर खूण, बाहेर हौदाच्या टाइलवर खूण. ऊन आणि वारा दोन्हींना सारखाच. चोवीस तासांनी दोन्ही सारखंच उतरलं, तर पाणी उडून गेलं. हौद जास्त उतरला, तर गळतंय नाहीतर कुणीतरी नेतंय. मागच्या फाटकाला मी माझं कुलूप घातलं, मोटरच्या खोलीला दुसरं, दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. त्या दिवशी बायकांना परत पाठवलं. त्यातली एक मला बरंच काही बोलून गेली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुक्काम बंगल्याच्या व्हरांड्यात, हौदासमोर. सुपरवायझरला इतका रुबाब पुन्हा कधी मिळाला नाही.

काका पायऱ्यांवर उकिडवे बसून हे सगळं बघत होते. बादली ठेवून झाल्यावर ते हसले. त्यांचा बाप मिठागराच्या कोंड्यात, म्हणजे पाणी साठवायच्या वाफ्यात, हेच मडकं ठेवून करायचा, असं त्यांनी सांगितलं. मिठागरात सगळा धंदाच पाणी उडण्यावर. किती उडतं ते ज्याला कळत नाही, त्याच्या हातून मीठ होत नाही, नुसता चिखल होतो.

"सायेब, बादली कशाला? ऊन आन वारा दोगं मिलून दिसाला अर्धा बोट पितान. त्याच्यावर गेला, तर बांदाला भोक हाय असा समजायचा."

मी मान डोलावली आणि वहीत काही लिहिलं नाही. डिप्लोमावाल्याला बोटांनी मोजणारा माणूस तेव्हा गमतीचा वाटत असे.

दुपारी त्यांच्या बायकोने जेवायला वाढलं. भात, सुकटीचं कालवण आणि अळूची पातळ भाजी. एप्रिलच्या उन्हात असा कोवळा, लुसलुशीत अळू कुठून आणला, असं मी विचारलं. तिने हौदापलीकडच्या कुंपणाकडे हात केला. तिथे अळूची पानं चांगली सुपाएवढी झाली होती. आजूबाजूचं गवत वाळून पिवळं पडलेलं आणि तेवढा एकच हिरवा चौकोन. ती म्हणाली, की मी याला पाणी घालत नाही, हा आपला आपणच वाढतो. मी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. मला काहीही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीतलं पाणी अर्ध्या बोटाला थोडं कमी, इतकं उतरलं होतं. हौदातलं चार बोटं. कुलपं जशीच्या तशी. मी दोनदा मोजलं, मग पट्टीने मोजलं. पट्टीने काही वेगळं सांगितलं नाही.

हौद गळत होता. मी पाण्यात उतरलो. भिंतींच्या कडा बघितल्या, टाइलचे सांधे नखाने खरवडले, तळाच्या जाळीजवळ रंग सोडून बघितला. रंग कुठेच ओढला गेला नाही. तेवढ्यात काका त्यांच्या खोलीतून एक काठी घेऊन आले.

तिवराची काठी होती, पुरुषभर उंच, साल काढलेली. तिच्यावर कोयत्याने आडव्या खाचा पाडलेल्या. फेब्रुवारीत विहिरीची मोटर जळली होती आणि तार नव्याने गुंडाळून परत यायला अकरा दिवस लागले होते. त्या अकरा दिवसांत हौदात बाहेरून पाणी पडलं नाही. काकांनी रोज सकाळी सगळ्यात खालच्या पायरीवर, त्याच टाइलवर काठी उभी करून पाण्याच्या रेघेवर एक खाच पाडली होती. कुणी सांगितलं नव्हतं. मिठागरात सवय, इतकंच. तिथे प्रत्येक हंगामात अशी एक काठी असे.

त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि खाचांवरून बोट फिरवत खाली आणलं. पहिल्या तीन खाचांमध्ये चार-चार बोटं. मग तीन. मग तीनला कमी. मग दोन. खाचा जवळजवळ येत गेलेल्या. आणि शेवटच्या तीन खाचा अगदी सारख्या, अर्ध्या-अर्ध्या बोटावर.

"हितपरत भोकानं पिला," ते म्हणाले. "हितनं खाली नुस्ता ऊन आन वारा. भोक हितंच हाय."

मी काठी त्या खालच्या पायरीवर उभी केली. त्यांनी दाखवलेली खाच पाण्याखाली पाऊण हातावर आली. त्या उंचीवर हौदाच्या चारही भिंतींत एकच गोष्ट होती. पाण्याखालचा दिवा.

इथे थोडं मागे जायला हवं. हौद पूर्ण होत आला तेव्हा शेठनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त काढला होता. त्या दिवशी हौद भरलेला हवा, पाण्याची पूजा, नारळ, सगळे नातेवाईक. आमचं एकच काम राहिलं होतं. दिव्याची वायर ज्या पाइपातून भिंतीबाहेर जाते, त्या पाइपाचं तोंड नीट बंद करायचं होतं. त्याला लागणारा मसाला दोन दिवस वाळावा लागतो, आणि इलेक्ट्रिशियन आलाच मुहूर्ताच्या आदल्या सकाळी. मालक म्हणाले, मुहूर्त टळता कामा नये. तेव्हा मी मिस्त्रीला सांगितलं, की चिंधी मार. गोणपाटाची चिंधी ठासून भरायची आणि वरून व्हाइट सिमेंट फिरवायचं. साइटवर सगळेच असं करतात. मुहूर्त निभावतो, पूजा होते, मग पाणी थोडं उतरवून चिंधी काढायची आणि काम नीट करायचं. पूजा झाली. शेठनी सगळ्यांना पेढे वाटले, मला एक शर्टाचं कापडही दिलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला नवघरच्या साइटवर पाठवलं. चिंधी तिथेच राहिली, आणि माझ्या डोक्यातूनही गेली. आठ दिवसांच्या चाचणीत पाणी हललं नाही, कारण ती चाचणी पाइप बसवायच्या आधीची होती. नंतर पावसाळा आला, हौद वरूनच भरत राहिला. त्या ओलाव्यात चिंधी कुजली.

मी उठून कुंपणाकडे गेलो. दिव्याची वायर जिथे जमिनीत बाहेर येते तो चौकोनी खड्डा अळूच्या मधोमध होता. झाकण उचललं. आत गच्च पाणी, आणि ते हळूहळू बाजूच्या मातीत मुरत होतं. अळूची मुळं विटांच्या फटीतून आत शिरलेली. आदल्या दिवशी मी ज्याची भाजी दोनदा मागून घेतली होती, तो माझ्याच चुकीवर वाढलेला अळू होता.

काका मागे उभे होते. त्यांनी खड्ड्यात वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. बायकोला हाक मारून त्यांनी तिलाही दाखवलं. तिने हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. चोर सापडल्यासारखे दोघं त्या खड्ड्याकडे बघत होते. चोर त्यांच्या शेजारीच उभा होता.

मी झाकण परत लावलं. त्यांना एवढंच सांगितलं, की शेठशी आणि मालकांशी मी बोलतो, तुम्ही मध्ये बोलू नका. ते लगेच तयार झाले.

"तूच बोल, सायेब. मना शेठसमोर बोलता येत न्हाय. ही काठी घेऊन जा, शेठला दाखव."

मी काठी घेतली. बसमध्ये ती उभी धरावी लागली. राईपर्यंत एक माणूस मला विचारत होता, की गळ टाकायची काठी का?

तिसरा दिवस मी घरी काढला. बायकोला सांगितलं, की अहवाल लिहायचाय. मुलगी मांडीवर होती. मी तीन वेळा लिहिलं. पहिल्या वेळी सगळं खरं लिहिलं, चिंधीसकट. ते वाचल्यावर मला नवघरच्या साइटवर माझ्या जागी उभा असलेला दुसरा कुणीतरी दिसायला लागला. मी घाबरलो. याला दुसरा शब्द नाही. दुसऱ्या वेळी लिहिलं, की दिव्याच्या पाइपातून थोडी गळती असावी. मग लक्षात आलं, की दिवा म्हटल्यावर मालक पहिला प्रश्न तोच विचारणार, की बंद कुणी केला होता. तिसऱ्या वेळी लिहिलं, की हौदाच्या भिंती व तळ यांची तपासणी केली, कुठेही तडा अथवा गळती आढळली नाही. वाक्य खरं होतं. भिंती आणि तळ खरंच उत्तम होते. बादलीचा उल्लेख मी केला, त्यातले आकडे नाही. काठीचा उल्लेख केला नाही. काठी माळ्यावर गेली होती.

मी स्वतःला त्या वेळी काय सांगितलं, तेही आठवतं. शेठ नुसते बोलतात, इतका चांगला माणूस ते काढणार नाहीत. आणि महिन्याभरात पाऊस येईल, हौद भरेल, सगळे विसरतील. मधल्या काळात एखाद्या रविवारी मी जाऊन ते तोंड गुपचूप बंद करीन. माणूस घाबरला की केवढी व्यवस्थित योजना करतो, याचं मला आजही नवल वाटतं.

मालकांनी अहवाल वाचला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि शेठकडे पाठवून दिला. पुढच्या शनिवारी शेठनी काकांना खोली रिकामी करायला सांगितलं. मी तिथे नव्हतो. ऑफिसातल्या कारकुनाकडून कळलं. तो म्हणाला, की म्हाताऱ्याने काही आरडाओरडा केला नाही, एकच सांगत राहिला, की काठी बघा, सायेबाकडे काठी आहे. शेठना वाटलं, मारायची काठी. ते जास्तच चिडले. कारकुनाला ही गोष्ट फार मजेची वाटली होती. त्याने ती ऑफिसात तीन जणांना सांगितली. मी हसल्यासारखं केलं.

राईला जाऊन त्यांना भेटावं, असं मनात आलं. भेटून सांगायचं काय, ते सुचेना. मी गेलो नाही. राईवरून बस जाताना मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसायला लागलो.

नवीन माणूस मिळेपर्यंत बंगला बंदच राहिला, मग पाऊस आला आणि हौद काठोकाठ भरला. दिवाळीच्या आधी शेठनी हौद उपसून शेवाळ घासून घ्यायचं काम काढलं, तेव्हा मी मालकांना स्वतःहून म्हटलं, की मी जातो. घासणारे जेवायला बसले असताना मी हौदात उतरलो, दिवा खोलला. पाइपाच्या तोंडात चिंधीचा एक काळा दोरा उरला होता. तो चिमट्याने काढला, आतून साफ केलं आणि या वेळी खरा मसाला भरला. माझ्या हाताने. वाळायला पुरे दोन दिवस दिले. तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. नवीन राखणदार आला होता, त्याच्यावर तरी आता आळ येणार नाही, असं मी स्वतःशी म्हटलं. खड्ड्यात माती भरली. अळू कुणीतरी आधीच उपटून टाकला होता.

पुढच्या एप्रिलमध्ये शेठ आमच्या ऑफिसात आले, मालकांशी गप्पा मारत बसले. मी काही कागद घेऊन आत गेलो, तर मला बघून खूश झाले. हेच ते, म्हणाले, यांनीच बरोबर सांगितलं होतं. हौद आता दिवसाला अर्धं बोटही उतरत नाही.

"देखा? आदमी बदला, पानी रुक गया."

मालक हसले. मी कागद टेबलावर ठेवले आणि बाहेर आलो. जिन्यात उभा राहिलो. वर्षभर मला वाटत होतं, की शेठना काकांवर संशय आहे, आणि संशय कधीतरी विरतो. आता तो संशय राहिला नव्हता, पुरावा झाला होता. आणि तो पुरावा मीच, दोन दिवस नीट वाळवून, तयार करून दिला होता. मला स्वतःची किळस आली. मग कुणीतरी मला हाक मारली आणि मी आत गेलो.

त्यानंतर साधारण वर्षाने भाईंदर पश्चिमेच्या बाजारात मला अळूच्या जुड्या दिसल्या. रस्त्याच्या कडेला फडक्यावर मांडलेल्या. मागे काकांची बायको बसली होती, आणि तिच्या बाजूला, दुकानाच्या पायरीला टेकून, काका. वाळले होते. एका डोळ्यात पांढरं आलेलं. मी वळलोच असतो, पण तिने मला ओळखलं आणि आपल्या माणसाला कोपराने ढोसलं.

ते उठायला लागले. मी त्यांना बसा म्हटलं आणि समोर उकिडवा बसलो. त्यांनी मुलीचं विचारलं, तिला दोन वर्षं झाली असतील असा अंदाज बरोबर केला. मी त्यांचं विचारलं. भावाच्या पडवीत राहत होते. मिठागराच्या कामाला एकदा गेले होते, पण तिथल्या मुकादमाच्या कानावर गेलं होतं, की हा शेठचं पाणी विकायचा. पाण्याच्या कामावर असा माणूस कोण ठेवणार? हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मुकादमाच्या जागी आपण असतो तर आपणही ठेवला नसता, असंच त्यांचं म्हणणं दिसलं.

मग त्यांनी विचारलं, "काठी दाखवलीस शेठला?"

"दाखवली," मी म्हटलं.

"मानली न्हाय."

"नाही मानली."

त्यांनी मान हलवली. मोठी माणसं काठी कुठे मानतात, असं काहीसं म्हणाले. वर म्हणाले, की तू तरी दाखवलीस, कुणी तेवढंही करत नाही. त्यांच्या बायकोनेही मान डोलावली. मला तिथून उठून जायचं होतं. 

बाजूला एक बाई जुड्यांचा भाव करत होती. ती गेल्यावर काका पुन्हा माझ्याकडे वळले. सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, हौदाचं पाणी आता किती उतरतं?

मी सावध नव्हतो. त्याच प्रश्नाचं उत्तर शेठनी माझ्यासमोर इतक्या मोठ्याने दिलं होतं, की ते माझ्या तोंडातून तसंच बाहेर आलं. म्हटलं, अर्धं बोट. तेही नाही.

 उजव्या हाताची बोटं काकांनी डाव्या हाताच्या मनगटावर आडवी ठेवली, काठीवर ठेवत तशी. चार बोटं, मग दोन, मग एक. शेवटी अंगठ्याने बोटाचा अर्धा भाग झाकला आणि तिथेच थांबले. मिठागरातला माणूस, बांधाचं भोक आपोआप बुजत नाही हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. मी बघत राहिलो. ते बघत होते आपल्या मनगटाकडे.

"मंग काठी कुनीतरी मानली," ते म्हणाले. "मानल्याबिगर भोक बुजत न्हाय."

त्यांनी वर बघितलं. चांगल्या डोळ्याने. रागाने नाही, ओळख पटवून घ्यावी तसं. पाण्याखाली कुठे काय आहे ते बघायची त्यांची तीच नजर होती.  खरं तर त्या वेळी सगळं बोलता आलं असतं, रस्त्यात, सगळ्यांसमोर, आणि त्याने माझी नोकरीही जाणार नव्हती, कारण ती मी तोवर सोडली होती. तरीही बोललो नाही.

काठी परत दे, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी तोंड फिरवलं आणि दुकानाच्या पायरीला पुन्हा टेकून बसले. त्यांच्या बायकोला यातलं काय कळलं, मला माहीत नाही. तिने दोन जुड्या उचलून पाण्याचा हात फिरवला आणि मला विचारलं, एक देऊ का दोन?

मी एक म्हटलं.